आधी पुस्तक की फिल्म?

प्रश्न : नात चार वर्षांची आहे. ‘द स्नोमॅन’ आधी वाचावं की दाखवावं? तिला इंग्रजी येत नाही.
— एक आजी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आजी, आधी पुस्तक. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८च्या या पुस्तकात शब्दच नाहीत. लहान लहान चौकटींवर बोट ठेवून गोष्ट तिलाच सांगू द्या. पान घाईने उलटलं तर धागा तुटतो.

१९८२ची फिल्म साधारण २६ मिनिटांची आहे. तिच्यात इंग्रजी गाणं एकच, त्याचा अर्थ सांगत बसू नका. सांताक्लॉजचा प्रसंग फिल्मवाल्यांनी घातलाय, पुस्तकात सापडणार नाही.

शेवटी स्नोमॅन, म्हणजे हिमाचा केलेला माणूस, वितळतो, तिथे मुलं रडतात. नाशिकच्या पोरांना गारा ठाऊक, हिम नाही. आदल्या दिवशी फ्रीजरमधला बर्फ वाटीत वितळताना दाखवा. झोपायच्या वेळी मात्र फिल्म नको.