चालकांचे प्रश्न : आरसी बुकात काय लिहिलंय ते आधी वाचा

प्रश्न : आमची दोन एक्सलची (चाकांच्या दोन आसांची) गाडी २०१५ ची. आरसीवर, म्हणजे नोंदणी पुस्तकात, पासिंग (मालासकट एकूण वजनाची हद्द) १६,२०० किलो. 'सरकारनं साडेअठरा टन केलंय, भर बिनधास्त,' असं शेठ म्हणतात. वजनकाट्यावर सापडलो तर दंड मात्र माझ्या पगारातून कापतात. (चालक, बार्शी)

उत्तर : भाऊ, जुलै २०१८ मध्ये केंद्रानं वजन वाढवलं हे खरं आहे. चार टायरच्या एका एक्सलचे १०.२ टनांचे ११.५ झाले आणि दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन १८.५ टनांवर गेलं. पण काट्यावर तपासणारा तुमचं आरसी बुक बघतो. त्यावर १६,२०० आहे तोवर तुमची हद्द तीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,००० रुपये. तीन टन जास्त असले तर २६,००० झाले. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत आणि उतराईचा खर्चही वेगळा. काटा करायला नकार दिला तर ४०,०००, म्हणून काटा चुकवून पळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आता पगाराचं. हे कलम चालवणाऱ्याला लागतं, तसंच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागतं. सगळा भार चालकावर टाका असं त्यात कुठंही नाही. भरतीच्या ठिकाणी काटा करा, पावतीचा फोटो शेठना लगेच पाठवा. तो तुमचा पुरावा.

एकूण वजन बसलं म्हणजे झालं, असंही नाही. जालन्याहून सळई भरली होती, तेव्हाची गोष्ट. एकूण वजन बरोबर, पण माल मागे सरकवून रचलेला. घाटात स्टिअरिंग हलकं पडलं, पुढची चाकं रस्ता धरीनात. खालच्या टपरीवर थांबलो तेव्हा हात थरथरत होते. एक्सलची हद्द वेगळी असते ती याच कारणानं.

प्रश्न : शेतीच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीला नंबर लागत नाही, हे बरोबर ना? (ऊस वाहतूकदार, फलटण)

उत्तर : नाही. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी लागते. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे ट्रॅक्टरचा नंबर दिसला पाहिजे. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि उसाची वाढी (शेंड्याचा पाला) त्यावर लोंबत नाहीत ना, हे निघताना उतरून बघा. गळीत हंगामात रात्री अशी ट्रॉली मला दोनदा अगदी जवळ आल्यावर दिसली. पहिल्या वेळी डिपर मारायलाही वेळ मिळाला नाही, गाडी बाजूपट्टीवर घालावी लागली. दुचाकीवाल्याला तेवढी जागाही मिळत नाही. कळकळीनं सांगतो, हे उद्यावर टाकू नका.

प्रश्न : लुंगी किंवा चप्पल घालून गाडी चालवली तर चलन फाडतात का? (क्लीनर, मालेगाव)

उत्तर : तसा नियम नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये वाढीव दंड आले तेव्हा ही अफवा उठली होती. नितीन गडकरी यांच्या कार्यालयानंच तेव्हा ती खोडून काढली. कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात, मात्र डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधून. गॅलरीतला नुसता फोटो चालत नाही.

प्रश्न : आमचे हे टँकरवर आहेत. 'अपघात झाला की दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड' असं सगळे म्हणतात. ते रात्री निघाले की मला झोप येत नाही. (गृहिणी, मनमाड)

उत्तर : ताई, जानेवारी २०२४ चा संप तुम्ही जवळून पाहिला असेल. पानेवाडीच्या इंधन डेपोंपाशी टँकर उभे राहिले होते. तो याच कलमावरून, भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) वरून. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे, पण सात लाखांचा आकडा कुठंच नाही. ती शिक्षाही प्रत्येक अपघाताला नाही. निष्काळजीपणानं माणूस दगावला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर आहे. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूलाच ठेवलं गेलं. निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा मात्र लागू आहे.

चालक पळतो तो बहुतेकदा जमावाच्या भीतीनं. मी ती भीती अनुभवली आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ती भीती मानतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं काम. जमाव खवळल्यामुळे ते जमलं नाही, तर तिथून निघून जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, काय घडलं आणि का थांबता आलं नाही ते सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं.

यांना एवढं करायला सांगा : ११२ ला फोन, १०८ ला फोन, मग ठाणं. दोन्ही नंबर कागदावर लिहून कॅबिनमध्ये समोर चिकटवा. त्या घडीला मोबाइलमधलं नाव शोधायला बोटं चालत नाहीत.