लेकीचं खातं कुठं काढावं: बँक नंतर, आधी सही कुणाची ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चार महिन्यांची, मुलगा सहा वर्षांचा. मिस्टर चाकणला कंपनीत, तुम्ही केज तालुक्यात सासूबाईंजवळ. बारशाला आणि पाहुण्यारावळ्यांकडून लेकीच्या हातावर आलेले २६,००० रुपये घरातच पडून आहेत. सासूबाई म्हणतात खातं माझ्या नावानं काढा, दीर म्हणतात बारा टक्केवाल्या मल्टिस्टेटमध्ये (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत) टाका, आणि तुम्हाला विचारायचंय की सगळ्यात जास्त व्याज कुठल्या बँकेत. माझी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, बहुतेक परभणी-हिंगोलीकडं. लहान पोरांची खाती उघडताना पाहिली आणि बंद पडतानाही. त्यावरून सांगतो, व्याजाचा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलाय, पण तो शेवटी विचारायचा असतो.

हिशेब करून बघा. स्टेट बँकेत (आपल्याकडं जुनी माणसं अजून तिला हैदराबाद बँकच म्हणतात, २०१७ ला विलीन झाली तरी) बचत खात्यावर जून २०२५ पासून अडीच टक्के व्याज आहे. पोस्टाच्या बचत खात्यावर चार टक्के. २६,००० वर वर्षाला ६५० रुपये की १,०४० रुपये, म्हणजे फरक ३९० रुपयांचा. शाखा तालुक्याला असेल तर दोन-चार फेऱ्यांच्या गाडीभाड्यात आणि बुडालेल्या रोजात तो जातो. बचत खातं हे पैसा वाढवायला नसतंच. ते पैसा यायचं-जायचं दार आहे. वाढवायची जागा वेगळी, ती खाली सांगतो.

आधी दिरांचं बघू, कारण घाई तिथं आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट या बँका नव्हेत. ऑफिस चकाचक असलं, पासबुक छापून देत असले तरी नव्हेत. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, खाजगी असो, ग्रामीण असो की नागरी सहकारी, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, आधी १ लाख होती. पतसंस्थेच्या आणि मल्टिस्टेटच्या ठेवीला हे संरक्षण नाही. बीड आणि संभाजीनगरकडं गेल्या काही वर्षांत कुलूप लागलेल्या शटरसमोर पासबुक घेऊन बसलेली माणसं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिली असतील. त्यात लेकीच्या लग्नाचे, शिक्षणाचे पैसे ठेवलेले किती जण होते! बारा टक्क्यांनी तुम्हाला वर्षाला ३,१२० रुपये दिसतात, आणि पणाला लागतात २६,०००. दिरांना दुखवायचं नसेल तर सांगा, मुलीच्या आधारला सरकारी योजना जोडायची आहे म्हणून बँकेतच काढतोय. ते खोटंही नाही.

आता सासूबाई. त्यांची माया खरी आहे, पण आई-वडील हयात असताना आजी नातीच्या खात्याची पालक होऊ शकत नाही. सुकन्या समृद्धीत (मुलींसाठीची सरकारी बचत योजना, खाली सांगतो) तर आजी-आजोबांनी उघडलेली जुनी खाती आई-वडिलांच्या नावावर करून घ्या, असा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघाला. सासूबाईंना पैसे टाकायला कुणाचीच मनाई नाही. पासबुक घेऊन त्या स्वतः काउंटरवर भरू शकतात. पोळ्याला, दिवाळीला आजीच्या हातानं भरणा झाला तर त्यांचाही मान राहील.

मग पालक म्हणून सही कुणाची? घरोघरी बापाचं नाव पुढं येतं, आणि इथंच खाती अडकतात. बाप चाकणला, नाहीतर दसऱ्यानंतर उसाच्या फडावर, आणि खातं गावात. पैसे काढायचे असोत की केवायसी द्यायची असो, सही त्याची लागते आणि तो सहा महिने येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पालक तुम्हीच व्हा. आईला पालक म्हणून अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचं खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेनं तसं बँकांना केव्हाच सांगून ठेवलंय आणि एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात पुन्हा सांगितलंय. काउंटरवर कुणी ‘वडिलांना घेऊन या’ म्हणालं तर भांडू नका, हे परिपत्रक सांगा आणि थेट मॅनेजरच्या टेबलावर जा.

तुमच्या नावानं घेण्यात आणखी एक फायदा आहे. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची लेक लाडकी योजना आहे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. एक मुलगा-एक मुलगी असलेल्या घरातल्या मुलीलाही ती लागू आहे. पुढच्या हप्त्यासाठी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागतात. यात आई आणि मुलीचं संयुक्त खातंच लागतं, म्हणजे एकाच खात्यात दोन्ही कामं. मिस्टरांच्या पगारानं उत्पन्नाची अट ओलांडली जात असेल तर विषय संपला, नसेल तर अंगणवाडीताईंकडं अर्ज द्या.

पण इथं एक जपा. सरकारी अनुदान आधारला जोडलेल्या एकाच बँकेत जातं, शेवटचं सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, जिथं झाली तिथं. तुमचे लाडक्या बहिणीचे दीड हजार सध्या ज्या खात्यात येतात ते तसंच राहू द्यायचं असेल, तर लेकीचं खातं उघडताना तुमच्या स्वतःच्या आधारपुढं ‘अनुदान याच बँकेत घ्यावं’ अशा चौकोनावर खूण करू नका. फॉर्म भरून देणारी पोरं सगळ्याच चौकोनांत खुणा करतात. मग हप्ता दुसऱ्या बँकेत जातो आणि बायका तीन-तीन दिवस ‘पैसे कामून आले नाहीत’ विचारत फिरतात.

बँक कोणती, तर तुमच्या पायाखालची. चालत किंवा काळीपिवळीनं एका फेरीत काम होईल अशी राष्ट्रीयीकृत बँक, महाराष्ट्र ग्रामीण बँक किंवा पोस्ट. यांतलं जे जवळ आहे ते चांगलं. स्टेट बँकेनं किमान शिल्लक २०२० मध्येच काढून टाकली, कॅनरा आणि पंजाब नॅशनलनं २०२५ मध्ये. पोस्टात ५०० ठेवावे लागतात. काउंटरवर एवढंच विचारा: किमान शिल्लक किती, एसएमएसचे किती कापता, आणि एटीएम कार्ड नको म्हटलं तर चालेल का. चार महिन्यांच्या लेकराला कार्ड कशाला? त्याचा वर्षाचा चार्ज मात्र कापला जातो. आणि फॉर्मसोबत कुणी ‘मुलांचा प्लॅन’ म्हणून विम्याचा कागद सरकवला तर तो घरी नेऊन वाचते म्हणा. खातं उघडायला पॉलिसी घ्यावी लागत नाही.

पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर जे खातं उघडतो ते पोस्ट पेमेंट्स बँकेचं. ते आणि पोस्टाचं बचत खातं ही दोन वेगळी आहेत. पेमेंट्स बँकेचं एक मिस्टरांच्या नावावर असलेलं मात्र सोयीचं, कारण त्यातून चाकणला बसून मोबाइलवर सुकन्याचा हप्ता भरता येतो.

आता वाढवायची जागा. लेकीसाठी सुकन्या समृद्धी, दुसरा विचार करायची गरज मला दिसत नाही. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के आहे. दर तीन महिन्यांनी सरकार तो नव्यानं ठरवतं, म्हणून भरायच्या आधी चालू दर विचारा. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढायचं, वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी मिळायचं. महिन्याला ५०० टाकले तर तुमच्या खिशातून जातात ९०,००० आणि हाच दर टिकला तर हाती येतात पावणेतीन लाखांच्या आसपास. पैसे पाच तारखेच्या आत भरत जा, कारण व्याज पाच तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. एखाद्या वर्षी सोयाबीन गेलं आणि भरणं जमलं नाही तर घाबरू नका, खातं बुडत नाही, ५० रुपये दंड आणि राहिलेले २५० भरून ते चालू करता येतं.

तरीही सगळे २६,००० सुकन्यात टाकू नका. तो पैसा अठरा वर्षांपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत हलत नाही, आणि त्यानंतरही शिक्षणासाठी निम्म्यापर्यंतच निघतो. लेकरू आजारी पडलं तर अंबाजोगाईला न्यायला हातात पैसा लागतो. मी असतो तर २०,००० सुकन्यात आणि ६,००० बचत खात्यात ठेवले असते.

मुलाचं लवकर आटपतो. त्याच्यासाठी पोस्टाची पाच वर्षांची आरडी (महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव), दर ६.७ टक्के. महिना ५०० भरले तर ३०,००० चे साडेपस्तीस हजारांच्या वर होतात. लांबचं बघायचं तर पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, ७.१ टक्के. मात्र त्याच्या खात्यात तुम्ही पालक असाल तर तुमच्या आणि त्याच्या पीपीएफची मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा, आणि एका मुलाचं खातं आई-वडिलांपैकी एकानंच काढायचं. पोरगा दहाचा झाला की रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकाप्रमाणे बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत त्याला स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं. त्याला स्लिप भरायला शिकवा. बी.ए. झालेली पोरं काउंटरवर ‘विड्रॉल कसा भरायचा’ विचारतात.

खातं उघडून विसरून जाणं हा आपल्याकडचा मोठा रोग. दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेनं जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षांनी पैसा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातो. बुडत नाही, पण परत आणायला चपला झिजतात. वर्षातून एकदा शंभर रुपये टाकत गेलं तरी खातं जिवंत राहतं. लेक अठराची झाली की तिची सही आणि तिची केवायसी नव्यानं द्यावी लागेल, ती दिल्याशिवाय पैसे निघणार नाहीत, आणि तुमची सही तिथून पुढं चालणार नाही.

कागदाचं शेवटी, कारण बहुतेकांचं काम तिथंच अडतं. बाळंतपण माहेरी झालं असेल तर जन्मदाखला माहेरच्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा मिळतो. तो काढताना बाळाचं नाव घातलंय का बघा. पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखल्यावर जे स्पेलिंग तेच निळ्या बाल आधारवर येऊ द्या आणि तेच बँकेत. हा क्रम मोडू नका: आधी दाखला, मग आधार, मग खातं. बाल आधारला बाळाचे ठसे लागत नाहीत, तुमचा अंगठा चालतो. ठसे पाचव्या वर्षी द्यायचे आणि पुन्हा पंधराव्या. सोबत तुमचं आधार, पॅन (नसेल तर पॅन नसल्याचा बँकेतला फॉर्म) आणि दोघींचे फोटो न्या. बाजारच्या दिवशी आणि लाडक्या बहिणीचा हप्ता पडलेल्या आठवड्यात जाऊ नका, त्या गर्दीत नवीन खात्याचा फॉर्म कुणी हातात घेत नाही.