वाचकांचे प्रश्न : माणूस आधी, शेपूट मागून

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं झाली बीजिंगमध्ये आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक शेजारीण आहे, वय 38, एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि नोकरी, पोरगा, सासूबाई सगळं सांभाळून मोठ्या माणसांसाठी असतो तो डिग्री कोर्स करतेय. बाकीचे विषय निघाले पण डिग्रीसाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा असते तिथे दोनदा लटकली. पेपर 100 मार्कांचा, वेळ दोन तास, त्यात वाचनाचे तीन उतारे, 15 प्रश्न, 30 मार्क. मी इंडियन म्हणजे मला इंग्रजी येणारच असं तिचं म्हणणं, त्यामुळे दर रविवारी वही घेऊन हजर. ती प्रत्येक शब्द मोबाईलमध्ये बघते, एका उताऱ्याला तास जातो, आणि सगळे शब्द कळले तरी म्हणते की वाक्य कळलं नाही! मला तर समजवायला शब्दच सापडत नाहीत, मला जे आपोआप कळतं ते सांगू कसं? आणि ती सगळं मोठ्याने वाचते, ते बंद करायला सांगू का?

उत्तर : आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे हा प्रकार नाही. चीनमध्ये कॉलेज संपल्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि डिग्रीचं सर्टिफिकेट वेगळं, दोन स्वतंत्र कागद असतात. नोकरी करता करता शिकणाऱ्याला पहिला कागद मिळाला तरी दुसऱ्यासाठी बऱ्याच ठिकाणी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते, तिला तिकडे श्युएवेइ यिंग्यु म्हणतात, म्हणजे डिग्रीचं इंग्रजी. मोठ्यांनी नोकरी करत शिकणं तिथे काही नवीन नाही, घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची सोय 1981 मध्येच बीजिंगसकट मोजक्या ठिकाणी सुरू झाली, तुमच्या नाशिकचं मुक्त विद्यापीठ निघालं 1989 मध्ये. आता जी बाई वर्षानुवर्षं लोकांचे हिशेब न चुकता लिहितेय तिची डिग्री हू आणि विच मध्ये अडकावी हे मला काही पटत नाही, पण माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतंय.

तर शब्द कळतात पण वाक्य नाही. हे ऐकून मला हसू आलं, कारण मी स्वतः चायनीज शिकले आणि नंतर दोन वर्षं अशाच नोकरीवाल्या चायनीज मंडळींना इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे वाक्य मी रोज ऐकायचे. त्यांची चूक कुठे होते ते मला खूप उशिरा कळलं, आणि कळलं ते मराठीमुळे.

हे वाक्य घ्या. द मॅन हू सोल्ड मी द बाइक लेफ्ट बीजिंग लास्ट वीक. शब्द सगळे पाचवीतल्या पोराला येतील असे. पण बीजिंग सोडून कोण गेलं असं विचारलं की माझ्या वर्गातले निम्मे लोक म्हणायचे, सायकल! का, तर लेफ्टच्या शेजारी बाइक बसलीये. आता हेच चायनीजमध्ये कसं म्हणतात बघा : माय गेइ वो त्झशिंगछ द रन. शब्दाला शब्द लावला तर विकणे, मला, सायकल, मग तो छोटासा द (त्यांचा, इंग्रजीतला द मॅनवाला नव्हे), आणि सगळ्यात शेवटी माणूस. आणि मराठीत? मला सायकल विकणारा माणूस. तंतोतंत तेच! आधी सगळं वर्णन, मग माणूस. आपल्याकडे विकणारा, आणलेली, बिघडलेली हे सगळं नावाच्या आधी येतं, त्यांच्याकडेही सगळं आधी येतं आणि तो द त्याला नावाशी बांधतो. इंग्रजी मात्र माणूस आधी समोर उभा करतं आणि शेपूट मागून सोडतं, आणि शेपूट संपायच्या आत आपण दमलेलो असतो.

म्हणजे तुम्हाला सापडत नाहीत ते शब्द तुमच्याच भाषेत आहेत. पेन्सिल घ्या, हू, विच, दॅट दिसलं की तिथे कंस उघडायचा, आणि वाक्याचं खरं क्रियापद येईल त्याच्या आधी बंद करायचा. हू सोल्ड मी द बाइक कंसात गेलं की उरतं काय, द मॅन लेफ्ट बीजिंग. मग तिला सांगा, तो कंस उचलून माणसाच्या आधी ठेव आणि मध्ये तुझा द घाल. हे एवढं एक जमलं ना की निम्मी लढाई झाली असं मी शपथेवर सांगते. दॅट आणि विच कधीकधी गायब असतात, द बाइक आय बॉट असं नुसतंच येतं, ते दुसऱ्या महिन्यात शिकवा, आत्ता नको.

एक सावधगिरी. चायनीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधीच येतं, इंग्रजीसारखंच, आपल्यासारखं शेवटी नाही. त्यामुळे आपल्याला शाळेत जो कर्ता कर्म क्रियापद उलटापालट करायचा व्यायाम करावा लागला तो तिला द्यायची काही गरज नाही, तिथे ती आपल्यापेक्षा पुढेच आहे.

आणखी दोन ठिकाणं जिथे हमखास पाय घसरतो. ऑल्दो आलं की ती पुढे बट शोधत बसत असेल, विचारून बघा. कारण तिच्याकडे जोडी असते, स्वेइरान आलं की दानशर यायचंच, जसं आपलं जरी म्हटलं की तरी. इंग्रजी एकावरच भागवतं. तिला सांगा की ऑल्दोचा तुकडा संपून स्वल्पविराम आला की त्याच्यानंतर लेखकाचं खरं म्हणणं सुरू होतं, आणि प्रश्न बहुतेक वेळा तिथलाच असतो. दुसरं म्हणजे ही, शी, इट. बोलताना तिच्यासाठी हे तिन्ही ता, उच्चार एकच, फक्त लिहिताना अक्षरं वेगळी, आणि शिवाय चायनीजमध्ये सर्वनाम सरळ गाळलं तरी चालतं. म्हणून उताऱ्यात प्रत्येक इट आणि दे वरून मागच्या नावाकडे बाण काढायला लावा. कागद घाण होईल, होऊ दे.

आता मोबाईल. तिच्याकडे पाठांतराचं शब्दांचं पुस्तक किंवा अ‍ॅप असणारच, आणि त्यातला पहिला शब्द अबॅन्डन असणार, तो तिकडचा जुना विनोद आहे की पुस्तक उघडलं की पहिलाच शब्द म्हणजे सोडून देणे, आणि लोक तिथेच सोडून देतात. पण खरी अडचण अशी की तिने अबॅन्डन म्हणजे सोडून देणे एवढंच पाठ केलंय, मग उताऱ्यात अबॅन्डन्ड कार आली की ती गोंधळते, गाडीने काय सोडलं? अहो बेवारस गाडी! असे शब्द यादीत नाही, वाक्यातच पाठ होतात.

न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषा शिकवण्यातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांच्या कामातून आलेला एक आकडा मला कायम उपयोगी पडतो : मदत न घेता मजकूर नीट कळायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. तिच्यासमोर उतारा ठेवा, पहिले 100 शब्द मोजा आणि अडलेल्यांखाली रेघ मारायला सांगा. दोन-तीन रेघा असतील तर उत्तम, दहा असतील तर तो उतारा सध्या वाचनाचा नाहीच, ती डिक्शनरीची हमाली आहे. मग सोपं द्या, आणि तिला विषय आधीच माहीत आहे असं द्या. चायना डेली या तिथल्या इंग्रजी पेपरात बीजिंगच्या मेट्रोची, घरांच्या भाड्यांची, सणाच्या सुट्टीतल्या गर्दीची बातमी आली की ती तिने चायनीजमध्ये वाचलेलीच असते, त्यामुळे शब्द अंदाजाने लागत जातात. सगळ्या बातम्या सोप्या नसतात, तुम्ही आधी चाळून ठेवा.

परीक्षेचे जुने पेपरही सोडवायचेच, पण एका रविवारी तीन उतारे नको, आठवड्याला एकच. सोमवारी मेट्रोत घड्याळ लावून, मोबाईलची डिक्शनरी बंद, 12 मिनिटांत वाचून उत्तरं लिहायची, चुकू देत. दोन दिवसांनी तोच उतारा पुन्हा, आता पेन्सिल, कंस, बाण, घाई नाही. मग डिक्शनरी उघडायची पण शब्द पाचच बघायचे, कुठले पाच ते तिने ठरवायचं, आणि हे ठरवणं हाच खरा अभ्यास, कारण ज्या शब्दावाचून काही अडत नाही तो ओळखता यायला लागतो. रविवारी तुमच्याकडे आली की वही बंद करून उतारा तुम्हाला गोष्टीसारखा सांगायचा, चायनीजमध्ये सांगितला तरी चालेल, चार वर्षांत तुम्हाला तेवढं कळत असेल, नसेल तर तुमचाही क्लास फुकटात होईल.

तिने क्लास लावला असेल तर तिथे तिला एक यमक शिकवलं असेल, तीन पर्याय लांब आणि एक आखूड असला तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असला तर लांब निवडा. तिकडे हे पोराटोरांना तोंडपाठ असतं. अगदी शेवटच्या मिनिटाला काहीच सुचत नसेल तर म्हणू दे बापडी, तोपर्यंत नको.

मोठ्याने वाचणं मुळीच बंद करू नका! शाळा-कॉलेजात सकाळी मोठ्याने वाचायची सवय तिकडे सगळ्यांना असते. परीक्षेत अर्थात चालणार नाही आणि वेगही कमी होतो, म्हणून सोमवारचं वाचन मनात. पण रविवारी तिला वाचू द्या आणि तुम्ही कान देऊन बसा, ती श्वास कुठे घेते ते ऐका. द मॅन हू सोल्ड मी, थांबली, आणि मग द बाइक लेफ्ट बीजिंग एका दमात म्हणाली की समजायचं सायकलच बीजिंग सोडून चाललीये. चूक कुठे आहे ते तिला सांगता येत नाही पण तुम्हाला ऐकू येतं.

प्रश्न : मी सिंगापूरला असतो. ऑफिसमधला माझा एक मित्र घरी चायनीजच बोलतो, शाळाही चायनीज माध्यमातली, आता चाळिशीत पार्टटाइम डिग्री करतोय. त्याला उतारा पूर्ण कळतो, मला नीट समजावून पण सांगतो, तरी पर्याय चुकीचे निवडतो. असं का?

उत्तर : कारण त्याला आयुष्याचा अनुभव आहे हो, आणि तो उताऱ्याच्या ऐवजी अनुभवातून उत्तर देतोय. वीस वर्षांच्या पोराकडे हा प्रॉब्लेम कमी असतो. समजा उताऱ्यात लिहिलंय की घरून काम दिल्यावर काही कंपन्यांमध्ये काम वाढलं. पर्याय आहे, घरून काम केलं की काम वाढतं. तुमचा मित्र मनात म्हणतो, बरोबर, माझ्या टीममध्ये वाढलंच की, आणि टिक करतो. पण उताऱ्यात ‘काही’ कंपन्या असं होतं, पर्यायात तो ‘काही’ शब्दच गळाला. इंग्रजीतले सम, मे, ऑफन, ओन्ली हे चिटुकले शब्द तो वाचतो पण मोजत नाही. त्याला एक महिना एवढंच करायला सांगा की टिक करायच्या आधी उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून उत्तर दिलं तिच्यावर बोट ठेवायचं आणि पर्यायाशी शब्दन्‌शब्द ताडून बघायचं. बोट ठेवायला ओळ सापडली नाही तर ते उत्तर त्याचं स्वतःचं आहे, लेखकाचं नाही. आणि त्याच्याशी वाद घालू नका, घरून काम करण्याबद्दल त्याचं म्हणणं बरोबरही असेल, फक्त त्याला मार्क नाहीत.