तलाव रिकामा करू नका

प्रश्न : नागावला घरामागे 60 हजार लिटरचा पोहण्याचा तलाव बांधलाय. आतून पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचं प्लास्टर. पाणी भरून चार दिवस झाले. पाणी दुधाळ दिसतं, भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी येते. ठेकेदार म्हणतो, पाणी काढून अ‍ॅसिडने धुऊ. शनिवारी नातवंडं येताहेत. काय करू?
– एक वाचक

उत्तर : काका, पाणी मुळीच काढू देऊ नका. सिमेंट मुरत असताना त्यातला चुना पाण्यात उतरतो, सामू (pH) चढतो आणि त्याच चुन्याचं कार्बोनेट होऊन भुकटी बसते. नव्या प्लास्टरचं हे नेहमीचंच. आत्ता तलाव उपसलात तर कोवळं प्लास्टर उन्हात तडकेल. शिवाय किनाऱ्याजवळ जमिनीतलं पाणी वर असतं. ते रिकाम्या तलावाला खालून उचलू शकतं. मला जास्त धास्ती त्याचीच वाटते.

पंप रात्रंदिवस चालू ठेवा. नायलॉनच्या ब्रशने, तारेच्या नव्हे, दिवसातून दोनदा भिंती आणि तळ घासा. भुकटी फिल्टरमध्ये जाईल. फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा.

सामू रोज मोजा, तो 7.2 ते 7.6 च्या दरम्यान हवा. चढला तर एका वेळी अर्धा लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पुरे. प्लास्टिकच्या बादलीत आधी भरपूर पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. उलटं कधीच नाही. हातमोजे, चष्मा घाला. हे पाणी कडेकडेने फिरत ओता. नुसतं अ‍ॅसिड जड असतं, ते तळाशी बसून प्लास्टर खातं. चार तासांनी पुन्हा मोजा. अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवणारा क्षारपणा, 80 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 80 भाग) खाली जाऊ देऊ नका. कॅल्शियम हार्डनेसही (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) एकदा तपासून घ्या : पाणी फार मऊ असेल तर ते आपली भूक प्लास्टरवर भागवतं. तो किमान 200 पीपीएम हवा, पण भुकटी जाईपर्यंत वरून कॅल्शियम घालू नका.

क्लोरीन आता सुरू करायला हरकत नाही. द्रवरूप घ्या, पाण्यात मिसळून टाका, अ‍ॅसिडच्या बादलीत कदापि नको. ब्लीचिंग पावडर टाळा. तिच्यातला चुना भुकटीत भरच घालेल. मिठावरचं क्लोरीन यंत्र बसवलं असेल तर मीठ 28 दिवसांनंतरच.

नातवंडांचं म्हणाल, तर सामू जागेवर, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि खोल बाजूचा तळ काठावरून लख्ख दिसला तरच त्यांना उतरू द्या. दुधाळ पाण्यात बुडणारं मूल वरून दिसत नाही. शनिवारपर्यंत पाणी निवळलं नाही तर पोहणं सरळ पुढच्या आठवड्यावर टाका.