एफटीसी म्हणते राज्याकडे जा, राज्य म्हणतं वकिलाकडे जा: मग हे प्रकरण आहे तरी कोणाचं?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. ‘ऑनलाइन दुकान आम्ही चालवतो, तुम्ही फक्त नफा घ्या’ असं सांगणाऱ्या फ्लोरिडातल्या एका कंपनीला अकरा महिन्यांपूर्वी ३१,००० डॉलर दिले. त्यातले ९,००० क्रेडिट कार्डाने, बाकीचे वायरने (थेट बँक खात्यात). सगळा व्यवहार फोनवर झाला. सहा महिन्यांत दोनशे डॉलरचाही माल खपला नाही, मग दुकानच बंद पडलं. एफटीसीकडे (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांची फसवणूक बघणारी केंद्रीय संस्था) तक्रार केली, एक नंबर मिळाला, पुढे शांतता. राज्याच्या ग्राहक विभागाने कळवलं, आम्ही तुमचे वकील होऊ शकत नाही. आता कंपनी ८,००० परत द्यायला तयार आहे. अट एकच, शुक्रवारपर्यंत ‘रिलीज’वर (दावा सोडून दिल्याच्या कागदावर) सही करायची आणि सगळ्या तक्रारी मागे घ्यायच्या. हे प्रकरण फेडरल सरकारचं की राज्याचं? सही करू का?

उत्तर: या शुक्रवारी सही करू नका. कारण पुढे सांगतो, पण आधी ‘कोणाचं प्रकरण’ ते मिटवू.

दोघांचंही. फोनवर खोटी कमाई दाखवून पैसे घेतले, की केंद्राचा कायदाही मोडतो आणि राज्याचाही. एकीकडे तक्रार केली म्हणून दुसरीकडचा हक्क जात नाही. तुम्हाला टोलवाटोलवी वाटली ती या दोन कार्यालयांच्या कामाच्या पद्धतीमुळे. दोन्ही कार्यालयं जनतेच्या वतीने काम करतात, एकेका तक्रारदाराचा खटला चालवत नाहीत. एफटीसी तर एकेकट्या तक्रारीचा निवाडा करतच नाही. तुमची तक्रार ‘कन्झ्युमर सेंटिनेल’ नावाच्या साठ्यात जाते. तो १९९७ पासून चालू आहे आणि फेडरल, राज्य, स्थानिक अशा सगळ्या थरांतले तपास अधिकारी तो उघडून पाहू शकतात. बऱ्याच राज्यांची अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) कार्यालयं आपल्याकडच्या तक्रारीही त्यात घालतात. तुम्हाला मिळालेला नंबर हा त्या साठ्यातला तुमचा कागद. उद्या फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासीमधल्या एखाद्या तपासनिसाने त्या कंपनीचं नाव टाकून शोधलं, तर तुमचा कागद आणखी चाळीस जणांच्या कागदांसोबत त्याच्या समोर येतो. एकट्या तक्रारीवर खटला उभा राहत नाही, चाळिसांवर राहतो.

हे सहकार्य कागदापुरतं नाही. मे २०१५ मध्ये एफटीसी, पन्नासच्या पन्नास राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. यांनी मिळून कॅन्सरच्या नावाने देणग्या गोळा करणाऱ्या चार संस्थांवर एकच दावा लावला. आरोप होता १८ कोटी ७० लाख डॉलरच्या लुबाडणुकीचा. २०२२ मध्ये तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास कायदा करून एफटीसीला सांगितलं, राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांबरोबर तुम्ही कसं काम करता याचा अभ्यास करा आणि अहवाल द्या. तो अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला.

केंद्राला राज्यांची गरज का पडते, हे नीट समजून घ्या, कारण तुमचे पैसे परत येण्याची वाट तिथूनच जाते. पूर्वी एफटीसी थेट फेडरल कोर्टात जायची, ठकाची रक्कम गोठवायची आणि लोकांना वाटून द्यायची. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘एएमजी कॅपिटल’ खटल्यात एकमताने सांगितलं, की एफटीसी ज्या कलमाखाली हे करते त्यात मनाई हुकूम मागता येतो, पैसे मागता येत नाहीत. एका दिवसात एफटीसीच्या हातातलं मोठं हत्यार गेलं. पैसे मिळवायची दुसरी वाट राहिली ती अशी, की एखादा विशिष्ट नियम मोडल्याचं दाखवायचं. नाहीतर राज्याला सोबत घ्यायचं, कारण राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांत लोकांचे पैसे परत मिळवून देण्याचा अधिकार आहे आणि त्याला या निकालाचा धक्का लागलेला नाही.

तुमची तक्रार मी वाचली. तीन पानं आहेत, आणि त्यातली अडीच पानं ‘माझा विश्वासघात झाला’ यावर. तुमचा संताप समजतो, पण तपासनिसाला हवं असतं वेगळंच. एफटीसीचा ‘बिझनेस अपॉर्च्युनिटी रूल’ म्हणून नियम आहे, आजच्या रूपात मार्च २०१२ पासून लागू. असा धंदा विकणाऱ्याने पैसे किंवा सही घेण्याच्या किमान सात दिवस आधी एका पानाचा खुलासा हातात द्यावा लागतो. कमाईचा आकडा सांगितला असेल तर त्याला आधार काय, हे वेगळं लेखी द्यावं लागतं. तुम्हाला ते पान मिळालं होतं का? तुमच्या पत्रावरून दिसतं, की मंगळवारी फोन आला आणि गुरुवारी कार्ड चाललं. म्हणजे सात दिवसांचा प्रश्नच नव्हता. ही एक ओळ तुमच्या तीन पानांवर भारी आहे, आणि ती तक्रारीत कुठेच नाही.

दुसरी ओळ फोनची. १९९४ च्या टेलिमार्केटिंग कायद्याखाली एफटीसीने जो नियम केला, तो राज्याचा अ‍ॅटर्नी जनरलही फेडरल कोर्टात वापरू शकतो. त्याने एफटीसीला आधी कळवायचं, मग एफटीसीला वाटलं तर तीही दाव्यात उतरते. फोन कोणी केला, कोणत्या तारखेला, किती कमाई सांगितली, हे सगळं तुमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांत आहे. ते तारखेनुसार लावून पुरवणी तक्रार करा, न्यू जर्सीकडे आणि एफटीसीकडे दोन्हीकडे. शिवाय फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरलकडेही, कारण कंपनीचं ऑफिस, बँक खातं आणि माणसं तिथे आहेत. फ्लोरिडात धंद्याच्या अशा संधी विकणाऱ्यांचा कायदा राज्याचा कृषी व ग्राहक सेवा विभाग बघतो. हो, कृषी. संत्र्यांच्या बागा आणि ऑनलाइन दुकानं एकाच छपराखाली. त्यांनाही एक प्रत जाऊ द्या.

नियमभंगासाठी एफटीसीला पैशांचा दावा घटनेपासून तीन वर्षांतच लावावा लागतो. तुमचे अकरा महिने गेले आहेत, म्हणून पुरवणी तक्रार दिवाळीनंतर बघू असं करू नका. असले दावे होतच नाहीत असंही नाही. जून २०२४ मध्ये एफटीसीने अगदी याच छापाच्या एका कंपनीवर न्यू जर्सीच्याच फेडरल कोर्टात दावा लावला होता.

आता तुमचा स्वतःचा हक्क. एफटीसी कायद्याखाली सामान्य माणसाला दावा करताच येत नाही, तो हक्क फक्त सरकारचा. टेलिमार्केटिंग कायद्याखाली येतो, पण नुकसान ५०,००० डॉलरच्या वर लागतं, तुम्ही त्यात बसत नाही. न्यू जर्सीचा १९६० चा कन्झ्युमर फ्रॉड अ‍ॅक्ट मात्र देशातल्या कडक कायद्यांत मोडतो. नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई, वर वकिलाची फी समोरच्याकडून. कंपनी म्हणेल, हा ग्राहक नाही, धंदेवाला आहे. या मुद्द्यावर कोर्टांची मतं अगदी एकसारखी नाहीत. पण २००३ मध्ये इथल्या अपिलीय कोर्टाने ‘कॅव्हकी विरुद्ध हर्बालाइफ’मध्ये, घरबसल्या धंद्याचं पॅकेज घेणाऱ्यालाही हा कायदा लागू होऊ शकतो, असं म्हटलं आहे. तुमचं प्रकरण त्याच्या बरंच जवळ बसतं.

करारात लवादाचा क्लॉज आहे (वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे न्यायचा), आणि फ्लोरिडाचा कायदा लागू होईल असंही आहे. लवादाच्या क्लॉजमध्ये ‘कोर्टात जाण्याचा हक्क तुम्ही सोडत आहात’ हे साध्या भाषेत नसेल, तर न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट त्याला जुमानत नाही (‘अ‍ॅटलीझ’ निकाल, २०१४). तुमच्या करारात तशी ओळ आहे की नाही, हे वकिलाला मूळ कागदावरच पाहू द्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकं ते पान कापलं गेलंय. आणि समजा तो क्लॉज टिकला, तरी तो बांधतो तुम्हाला, सरकारला नाही. २००२ च्या ‘वॉफल हाउस’ निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे सांगून ठेवलं आहे: लवादाच्या करारात सरकारी यंत्रणा पक्षकार नाही, तर तिचे हात त्याने बांधले जात नाहीत. कंपनीला तुमच्या दाव्यापेक्षा तुमच्या तक्रारींची धास्ती जास्त का वाटते, ते आता लक्षात येईल.

म्हणून तो रिलीज. त्यातला चौथा मुद्दा तुम्ही जसाच्या तसा पाठवला आहे: ‘कोणत्याही फेडरल वा राज्य यंत्रणेकडे केलेली तक्रार मागे घेईन, पुढे करणार नाही, आणि त्या यंत्रणांना कोणतीही माहिती देणार नाही.’ पैसे घेऊन स्वतःचा दिवाणी दावा सोडून देणं कायदेशीर आहे, रोज होतं. पण गुन्ह्याची माहिती सरकारला न देण्याच्या बदल्यात पैसे घेणं हा न्यू जर्सीत स्वतंत्र गुन्हा आहे. नुकसानभरपाई म्हणून जेवढे पैसे आपले निघतात असं तुम्हाला वाटतं, त्याहून जास्त घेतले नसतील तर बचाव मिळतो. तुम्ही ३१,००० पैकी ८,००० घेताय, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण जो बचाव कोर्टात उभं राहून मांडावा लागेल, त्याची वेळ आपण होऊन का आणायची? शिवाय सेंटिनेलमधली नोंद ‘मागे घेतो’ म्हटल्याने पुसली जाते अशी समजूत कंपनीची असेल, तुमची नसावी. तुमच्या मूळ छापील करारात ‘कंपनीबद्दल वाईट लिहिणार नाही’ अशी अट आहे, तिला २०१६ च्या कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस अ‍ॅक्टने मुळातच निकामी केलं आहे. तो कायदाही एफटीसी आणि राज्यं दोघंही राबवतात.

कार्डाचे ९,००० अजून हातचे गेले असं धरू नका. बिलातल्या चुकीबद्दल लेखी हरकत घ्यायची साठ दिवसांची मुदत उलटली आहे. पण कबूल केलेली सेवा पुढे मिळालीच नाही, अशा वादांना कार्ड नेटवर्कचे स्वतःचे नियम अनेकदा जास्त वेळ देतात. बँकेला उद्याच फोन करा आणि ‘सर्व्हिस नॉट प्रोव्हायडेड’ याच शब्दांत वाद नोंदवा. वायरच्या २२,००० चं तसं नाही. वायर थांबवायची तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हलावं लागतं. तरी एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार पोर्टलवर नोंद करून ठेवा. आणि तुमच्या सीपीएला (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटला) विचारा, नफ्याच्या हेतूने केलेल्या व्यवहारातली चोरी म्हणून हे नुकसान टॅक्समध्ये दाखवता येईल का. बऱ्याचदा येतं, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं.

व्हिसाची भीती तुम्ही ओझरती लिहिली आहे. एफटीसीच्या तक्रारीत इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत. नुसते पैसे गुंतवणं आणि दुकान स्वतः बसून चालवणं, यात एच-१बी वाल्यासाठी फरक आहे. तुम्ही प्रत्यक्ष काय काय केलंत ते कोर्टात शपथेवर सांगायची वेळ येण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोला.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की परवा ‘एफटीसी ऑफिसर’चा फोन आला होता, तुमचा परतावा मंजूर झालाय, १० टक्के प्रोसेसिंग फी भरा. तो माणूस एफटीसीचा नव्हता. एफटीसी परताव्यासाठी पैसे मागत नाही. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरी टोळी त्याच माणसाला गाठते. सरकारी अधिकारी असल्याचं सोंग करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून एफटीसीचा वेगळा नियमच लागू झाला आहे. त्या फोनचा नंबर आणि वेळ टिपून त्याचीही तक्रार करा, वेगळी.

शुक्रवारच्या आत कंपनीला एवढंच लिहा: ‘प्रस्ताव मिळाला. चौथा मुद्दा पूर्ण वगळून आणि रक्कम वाढवून मसुदा पाठवल्यास माझे वकील पाहतील.’ ईमेलनेच लिहा, फोनवर बोलू नका. त्यांचं जे उत्तर येईल तेही जपून ठेवा, कारण ‘तक्रारी मागे घेतल्याशिवाय पैसे नाहीत’ असं त्यांनी लेखी दिलं, तर ते पान पुरवणी तक्रारीला जोडायचं आहे.