न्यूट्रिनो हाच स्वतःचा प्रतिकण आहे का, हे तपासणारे प्रयोग डोंगराखाली का करतात?

कारण शोध आहे न्यूट्रिनोविना होणाऱ्या दुहेरी बीटा क्षयाचा, म्हणजे अणुकेंद्रकातून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण न्यूट्रिनो एकही नाही, अशा क्षयाचा. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तरच हे शक्य आहे. जर्मेनियम-७६ मध्ये असा क्षय झाला, तर दोन्ही इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा नेमकी २०३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरेल. नेहमीच्या दुहेरी क्षयात न्यूट्रिनो वाटा घेऊन पळतात, म्हणून तिथे सलग पट्टा दिसतो.

इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या 'गेर्डा' प्रयोगाने या क्षयाचे अर्धायुष्य १.८×१०^२६ वर्षांहून जास्त असल्याचे दाखवले, म्हणजे वर्षाला एखादी भटकी नोंदसुद्धा महाग. तिथला १४०० मीटर खडक वैश्विक किरणांतून येणारे म्यूऑन कण सुमारे दहा लाख पटींनी घटवतो.

पण खडक हे सोपे काम. नैसर्गिक जर्मेनियममध्ये ७६ चे प्रमाण जेमतेम ८ टक्के. शोधक याच जर्मेनियमचे बनवतात, म्हणून ते ८७ पर्यंत वाढवावे लागते. तो माल विमानाने आणायचा नाही, उंचावर जास्त असलेल्या वैश्विक किरणांमुळे त्यात किरणोत्सारी जर्मेनियम-६८ आणि कोबाल्ट-६० तयार होतात.

खरा त्रास शोधक ज्यात बुडवलेले असतात त्या द्रवरूप आर्गॉनचा. तो थंडावा देतो, चमकून घुसखोर किरणही पकडून देतो. मात्र त्यातल्या आर्गॉन-४२ पासून बनणारे किरणोत्सारी पोटॅशियम-४२ चे आयन शोधकाच्या विद्युतक्षेत्राने थेट त्याच्याकडे ओढले जातात. उपाय अगदी साधा: प्रत्येक शोधक-माळेभोवती पारदर्शक नायलॉनचे आवरण.