‘फाइन’ : छान, बारीक आणि दंडही

प्रश्न : ग्रंथालयाचे पुस्तक उशिरा परत केले की ‘फाइन’ भरावा लागतो, प्रकृती बरी असली की ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणतात आणि बारीक दळलेली पूड ‘फाइन पावडर’ असते. हा शब्द एकच आहे का? तसेच ‘आणखी काही हवे का?’ या प्रश्नाला ‘आय अ‍ॅम फाइन’ असे उत्तर मिळाले, तर तो होकार समजावा की नकार?

उत्तर : शब्दकोशांत दंड या अर्थाच्या ‘फाइन’ची नोंद स्वतंत्र असते; मूळ मात्र एकच, लॅटिनमधील ‘फिनिस’, म्हणजे शेवट किंवा सीमा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. वाद मिटवताना, म्हणजेच प्रकरणाचा शेवट करताना, जी रक्कम चुकती केली जाई तिला मध्ययुगात हे नाव पडले आणि कालांतराने तडजोडीचा भाग गळून केवळ शिक्षा उरली. देणे फेडून मोकळे होण्याच्या याच कल्पनेतून ‘फायनान्स’ हा शब्दही निघाला आहे. ‘फायनल’ आणि ‘फिनिश’ यांचे नाते तर कानालाच कळते.

विशेषणाची वाट वेगळी. जे शेवटास गेले ते पूर्णत्वास गेले, म्हणून उत्कृष्ट. ज्यातील हिणकस भाग निघून गेला ते शुद्ध, म्हणूनच निर्भेळ सोन्याला ‘फाइन गोल्ड’ म्हणतात. आणि त्यापुढे नाजूक, तलम, बारीक. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातील बारीक टायपातल्या अटी. त्यांना ‘छान छपाई’ समजणाऱ्याला पुढे दुसऱ्या अर्थाचा ‘फाइन’ भरावा लागू शकतो! क्रिकेटमधील ‘फाइन लेग’चाही चांगुलपणाशी संबंध नाही. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांच्या यष्ट्यांना जोडणारी रेषा फलंदाजाच्या मागे वाढवली, तर तिच्याशी लहान कोन करून लेगच्या बाजूला उभा असलेला तो क्षेत्ररक्षक. तो त्या रेषेकडे सरकला की ‘फाइनर’ झाला, दूर गेला की ‘स्क्वेअर’. ‘फाइन आर्ट’ला मराठीने ‘ललितकला’ हा नेमका प्रतिशब्द दिला आहे, कारण तेथे उपयोगापेक्षा सौंदर्याला महत्त्व असते.

आता आपला दुसरा प्रश्न. ‘आणखी काही हवे का?’ याला ‘आय अ‍ॅम फाइन’ हे उत्तर म्हणजे सौम्य नकार : ‘नको, पुरे.’ हवे असल्यास ‘यस, प्लीज’ म्हणावे. याउलट ‘उद्या भेटलो तर चालेल का?’ यावर ‘दॅट्स फाइन’ असे उत्तर आले, तर तो होकार असतो. मात्र वादाच्या मध्येच कोणी नुसते ‘फाइन!’ म्हणून तोंड फिरवले, तर ते संमतीचे लक्षण नव्हे. आपल्याकडे ‘बरं, तुझंच खरं!’ म्हणताना जो सूर लागतो, तोच तेथे ऐकावा.